सुईचं भोक

सत्तावीस वर्षं मी माणसांचे मेंदू कापते आहे. एवढ्या वर्षांत बरणीतल्या मेंदूंनी मला कधी त्रास दिला नाही. जो दिला तो कवटीत बसून हिंडणाऱ्या मेंदूंनी. त्यातला सगळ्यात मोठा आमच्या प्रोफेसर आस्गरचा.

आस्गरच्या खोलीत भिंतभर मेंदूची चित्रं आहेत. लाल, हिरवी, निळी, बालवाडीच्या वर्गात शोभतील अशी. पाहुणे आले की तो एकेका चित्रापुढे उभा राहतो आणि हलक्या आवाजात सांगतो, "हे जिवंत माणसाच्या मेंदूतले तंतू." पाहुणे श्वास रोखतात. मी कॉफी ओतत असले तर मलाही रोखावा लागतो, पण तो हसू दाबायला. कारण त्याच्या यंत्रानं तंतू पाहिलेलेच नसतात. यंत्र पाणी बघतं. मेंदूतलं पाणी तंतूंच्या कडेकडेनं सरकतं, त्या सरकण्यावरून तंतू कुठे निघालाय याचा अंदाज बांधायचा आणि अंदाजाला रंग फासायचा. अंगणात ओल कुठे आली ते बघून भिंतीतल्या पाइपांचा नकाशा काढावा, तसला प्रकार.

पाइप खरोखर कुठे आहेत ते बघायला भिंत फोडावी लागते. ते काम माझं. मरताना कुणी मेंदू दान केला की त्यातला काडेपेटीएवढा चौकोनी तुकडा आधी त्यांच्या यंत्रात जातो, मग माझ्याकडे येतो. मी तो मेणात बसवते, केसाहून पातळ काप काढते, काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलते आणि चांदीच्या द्रावणात बुडवते. तंतू काळे होतात. मायक्रोस्कोपखाली ते दिसतात, अंदाजानं नाही, डोळ्यांनी. मग त्यांचं चित्र आणि माझी काच शेजारी ठेवून ताडून बघायचं. आस्गर याला पडताळणी म्हणतो. त्याच्या लेखी पडताळणी म्हणजे त्याच्या चित्राखाली माझ्या काचेनं करायची सही.

आमच्याकडे प्रोफेसरलाही अरेतुरेच करतात. त्यामुळे अपमान करायला वेगळी मेहनत घ्यावी लागते. ती मी घेत आले आहे.

या गोष्टीतला बुधवार आयविनच्या दुकानापासून सुरू होतो. आयविनचं दुकान बंदराजवळ. कोळ्यांच्या सुऱ्या, न्हाव्यांच्या कात्र्या आणि माझी पाती, सगळ्यांना धार लावणारा हा एकच माणूस. माझं पातं हातभर लांब, पोलादी. त्याच्यावर डोळ्याला न दिसणारी खाच असली तरी प्रत्येक कापावर ओरखडा उमटतो. पूर्वी आमच्या इथे चार जणी काप काढायच्या, आता मी एकटी. धारवाला मात्र तेव्हापासून तोच. त्याच्या हाताची धार सोडून मी दुसऱ्या कुणाची कधी घेतली नाही.

गेली तीन वर्षं त्या हातांना कंप आहे. आधी उजवा, मग डावाही. त्या बुधवारी त्यानं मला कॉफी दिली ती अर्धाच कप, कारण पूर्ण भरलेला त्याला उचलवत नाही. पातं त्यानं कापडात गुंडाळून टेबलावरच ठेवलं होतं.

"हे शेवटचं बघ, विबेके," तो म्हणाला. "तीन दिवस लागले. पूर्वी एक सकाळ लागायची."

"धार कशी आहे?"

"धार चांगली आहे. मी चांगला नाही." तो हसला. "पण पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. मेंदूत बारीक तार घालणार. तुमच्याच माणसानं काढलाय म्हणे नकाशा. सिसेल डॉक्टरीणबाईंनी दाखवला मला. काय रंग आहेत!"

"रंगांचं काय एवढं?"

"तुझं आपलं काहीतरीच. मी विचारलं त्यांना, नकाशा बरोबर कशावरून? त्या म्हणाल्या, मायक्रोस्कोपखाली ताडून पाहिलाय. म्हटलं मग झालं! मायक्रोस्कोप म्हणजे आमची विबेके."

मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? माझ्याबद्दल कुणी असं बोलण्याची मला सवय नाही. मी पातं घेतलं आणि सायकलवर बसले.

शुक्रवारी सकाळी आमच्याकडे सगळे एकत्र न्याहारी करतात. पाव, लोणी, चीज आणि एकमेकांचा कंटाळा. त्यात एक रिवाज आहे: ज्यानं आठवड्यात मोठी चूक केली त्यानं पुढच्या शुक्रवारी केक आणायचा. रागवायचं नाही, ओरडायचं नाही, केक खायचा. नव्यानं आलेल्यांना हे फार गोड वाटतं. पण कुणी केक आणायचा हे बहुतेक वेळा आस्गरच ठरवतो, आणि सत्तावीस वर्षांत मी एकदाही आणलेला नाही.

त्या शुक्रवारी आस्गरनं चमच्यानं कप वाजवला.

"चौथा तुकडा मी स्वतः ताडून पाहिला," तो म्हणाला. हे काम एरवी त्याचा मदतनीस माल्टे करतो, पण माल्टेला मूल झालं होतं आणि तो बापाला मिळणाऱ्या चार महिन्यांच्या रजेवर होता. "तंतू जुळत नाहीत. माझ्या चित्रात उजवीकडे झुकलेत, काचेवर डावीकडे. अगदी आरशात बघावं तसं. विबेके, तू काप पालथे लावलेस. हरकत नाही, होतं असं. पुढच्या शुक्रवारी केक!"

सगळे हसले. टाळ्याही पडल्या. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते मी तेव्हा याचि डोळा पाहिलं.

"माझे काप पालथे नसतात," मी म्हणाले.

"विबेके, चूक कबूल करण्यात कमीपणा नाही. तोच तर आपल्या केकचा अर्थ आहे."

"मग तूच आण."

पुन्हा हसले. मी उठले आणि खाली माझ्या खोलीत आले.

चौथ्या तुकड्याच्या बासष्ट काचा होत्या. काप पालथा पडू शकतो हे खरं. पाण्यावर तरंगताना नवशिक्याच्या हातून उलटतोही. म्हणून माझ्या गुरू बाईंनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: कापण्याआधी तुकड्याच्या एका कोपऱ्यात, मेंदूच्या मधल्या रेषेकडच्या, आरपार सुई घालायची. मग प्रत्येक कापाला त्या कोपऱ्यात बारीक भोक पडतं. काप पालथा झाला तर भोक भलत्या कोपऱ्यात दिसतं, आंधळ्यालाही कळतं. मी बासष्टच्या बासष्ट काचा पाहिल्या. भोक जिथे हवं तिथेच होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या काचा सुलट असतील तर नकाशा उलटा होता. आणि गुरुवारी आयविनच्या डोक्यात तार जाणार होती ती त्या नकाशावरून.

मी आस्गरच्या खोलीत गेले. रंगीत मेंदूंखाली तो कुणाला तरी पत्र लिहीत होता.

"तुझा जो प्रोग्रॅम यंत्राचे आकडे घेऊन तंतू काढतो, तोच रुग्णालयात वापरतात का?"

"अर्थात. त्यासाठीच तर पडताळणी." त्यानं बोटानं भिंतीकडे दाखवलं. तिथे वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत लावलेलं होतं: गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी किर्स्टिन, तिच्या शेजारी हात बांधून आस्गर, वर मथळा, 'नव्या नकाशानं पहिली शस्त्रक्रिया'. मार्चमधलं. किर्स्टिनच्या हातांचा कंप त्यानंतर थांबला नाही, बोलणं मात्र जड झालं. त्याचं कात्रण कुणी काढलं नाही. "प्रत्येक मेंदू वेगळा असतो," असं आस्गर तेव्हा म्हणाला होता.

मी त्याला भोक दाखवलं. काच उजेडाकडे धरून त्यानं बघितलं, एखाद्यानं शर्टावरचा डाग बघावा तसं.

"हे भोक तूच पाडलंस ना?"

"हो."

"मग ते चुकीच्या कोपऱ्यात पाडलं असशील."

नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हणाले, "गुरुवारचं ऑपरेशन थांबव. नीट बघू दे."

"विबेके, शांत हो. याआधी तीन मेंदूंवर माझा नकाशा ताडून पाहिलाय. कुणाच्या काचांवर? तुझ्याच. तीनही वेळा जुळला. आता चौथ्या वेळी जुळत नाही, तर तीन विरुद्ध एक कोण खरं?" तो उठून उभा राहिला. याचा अर्थ तुम्ही जावं असा असतो. "आणि नारळाचा आणशील का? तो मला आवडतो."

मला त्याच्या अंगावर काच फेकावीशी वाटली. पण काच माझी होती.

तीन विरुद्ध एक. हा एकच मुद्दा मला शनिवार-रविवार छळत राहिला. कारण तो मूर्ख असला तरी मुद्दा मूर्ख नव्हता. पहिल्या तीन तुकड्यांच्या काचाही मी पुन्हा तपासल्या, सगळ्यांत भोक जागच्या जागी. मग त्या नकाशाशी जुळल्या कशा? ती ताडणी माल्टेनं केली होती आणि मी ती कधी पाहिलीच नव्हती. वरच्या मजल्यावरची ती रंगपंचमी बघायला जाणं मला कमीपणाचं वाटायचं. मी काचा पेटीत भरून जिन्यात ठेवायची, ते उचलून न्यायचे. एवढाच आमचा संबंध.

रविवारी संध्याकाळी मी माल्टेला फोन केला. 

"मी काही केलं का?" त्यानं विचारलं.

"ते उद्या कळेल. सकाळी ये."

सोमवारी तो आला तो बाबागाडी घेऊन. बाहेर दोन अंश होते, पोर गाडीत गुरगुटून झोपलेलं. त्यानं गाडी माझ्या खिडकीखाली उभी केली, थंड हवेत पोरं छान झोपतात असं आमच्याकडे मानतात, आणि आत येऊन टोपी हातात धरून उभा राहिला. चौतीस वर्षांचा, गणितात डॉक्टर, आणि माझ्यासमोर नेहमी शाळेतून घरी पाठवल्यासारखा.

"पहिल्या तीन तुकड्यांची तुझी चित्रं काढ," मी म्हणाले.

त्यानं कॉम्प्युटर उघडला. एका बाजूला त्यांचे रंग, दुसऱ्या बाजूला माझ्या काचेचा फोटो. तंतू जुळत होते, बोटाशी बोट लावल्यासारखे. पण मला ती काच ओळखू येईना. कुणीतरी माझ्याच मुलाचा फोटो दाखवावा आणि चेहरा अनोळखी वाटावा, तसं झालं.

"भोक कुठंय?"

"कसलं भोक?"

"प्रत्येक कापाला असतं. कोपऱ्यात."

"हां, ते!" त्याचा चेहरा उजळला. "ते आम्ही भरून टाकतो. म्हणजे प्रोग्रॅमच भरतो. आजूबाजूचा रंग घेऊन. काप तिथे फाटलेले असायचे ना."

"फाटलेले."

"हो. नेहमी त्याच जागी. मला वाटलं तुझ्या पात्याला तिथे खाच असेल."

मी खुर्चीवर बसले. आयविनच्या पात्याला खाच! दीडशे-दोनशे कापांना एकाच जागी, एकाच मापाचं, गोल भोक, आणि गणितातल्या डॉक्टरला ते फाटलेलं वाटलं. देवानं यांना डोळे कशाला दिले असतील?

"आणि फोटो? तो आहे तसाच ठेवलास?"

आता त्याचा उजळलेला चेहरा पुन्हा मावळला. "उलटवला. तीनही वेळा. जुळत नव्हते म्हणून. काप पालथे लागले असणार असं वाटलं. उलटवले की जुळायचे."

"सगळं जुळायचं?"

"तंतू जुळायचे. बाकीचं थोडं इकडेतिकडे व्हायचं. पण मेणात मांस आक्रसतं, असं सर्वच म्हणतात."

शिंप्यानं कोट अंगाला बसत नाही म्हणून गिऱ्हाइकाचा हात मुरगळावा आणि बसला म्हणून सांगावं, तशी ही पडताळणी. तीन विरुद्ध एक म्हणे!

"चौथा तुकडा काढ," मी म्हणाले. "आणि रंग काढून टाक."

"म्हणजे?"

"तुमचे रंग काढ. खाली यंत्रानं घेतलेलं साधं, करडं चित्र असेल ना? ते दाखव."

त्यानं रंग काढले. करड्या चित्रात तुकड्याच्या एका कडेला काळा ठिपका होता, रक्तवाहिनीचा. मी माझी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि त्याला बघायला लावलं. तीच वाहिनी, त्याच कडेला, आणि तिच्या वरच्या कोपऱ्यात माझं भोक. फोटो न उलटवता. यंत्रानंच सांगितलं होतं की माझी काच सुलट आहे. फक्त त्यांनी ते रंगाखाली झाकलं होतं.

"आता तुमचे रंगीत तंतू घाल."

त्यानं घातले. तंतू उजवीकडे झुकले. माझ्या काचेवर ते डावीकडे होते.

 माल्टेनं आकड्यांचा एक तक्ता उघडला, यंत्रानं कोणकोणत्या दिशेनं पाण्याची हालचाल मोजली त्याचा. तो आस्गरच्या प्रोग्रॅममधून आलेला होता. त्यानं पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"उणे," तो म्हणाला. "इथे सगळीकडे उणे लागलंय. चार वर्षांपूर्वी यंत्र बदललं तेव्हा डाव्या-उजव्याची व्याख्या बदलली. आस्गरनं हा रकाना बदललाच नाही."

"आणि चार वर्षं कुणाला दिसलं नाही?"

"काचेशी ताडल्याशिवाय, नुसत्या रंगात दिसतच नाही. डावीकडे झुकलेल्याला आणि उजवीकडे झुकलेल्याला रंग एकच असतो. सरळ उभे, सरळ आडवे तंतू तर बरोबरच येतात. फक्त तिरके..." तो थांबला. आयविनच्या डोक्यात ज्या तंतूंपाशी तार जायची होती ते तिरकेच होते, आणि किर्स्टिनचेही. "दोन-तीन मिलिमीटर चुकेल," तो पुटपुटला.

माझा संयम संपला. "अरे गाढवा, पहिल्याच वेळी जुळलं नाही तेव्हा मला का नाही विचारलंस? दोन जिने खाली तर बसते मी! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"विचारलं होतं."

"कधी?"

 त्यानं जुन्या मेलमध्ये शोधलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. अडीच वर्षांपूर्वीचा मेल. वर त्याचं लिहिलेलं: 'विबेके, काप कधी कधी काचेवर पालथे लागतात का? ते कसं ओळखायचं? — माल्टे.' खाली माझं उत्तर: 'हो तर. आम्ही डोळे मिटूनच लावतो.'

एवढंच. मला तो मेल आठवत नव्हता, पण लिहिणारीचा आवाज ओळखीचा होता. सुईबद्दल एक शब्द नाही, भोकाबद्दल नाही.

"हा टोमणा आहे हे तुला कळलं नाही?" मी विचारलं. माझा आवाज खाली आला होता.

"कळलं," माल्टे म्हणाला. "म्हणून तर परत विचारायची हिंमत झाली नाही."

बाहेर पोर रडायला लागलं. तो धावत गेला. मी पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत बसले.

आस्गरला बोलावलं तेव्हा त्यानं उणे चिन्ह पाहिलं, करडा ठिपका पाहिला, आणि पाच मिनिटं त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा होता. ती पाच मिनिटं मी जपून ठेवली आहेत. मग त्यानं घसा खाकरला आणि सिसेलला फोन लावला.

"सिसेल, एक छोटीशी तांत्रिक सुधारणा आहे," तो म्हणाला. "नकाशाची नवी आवृत्ती पाठवतोय. गुरुवारच्या आधी जमलं तर..."

मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी विबेके, काप काढणारी. नकाशा उलटा आहे. तिरका प्रत्येक तंतू उलटा. गुरुवारी आयविनच्या डोक्याला हात लावू नका, आणि मार्चमध्ये किर्स्टिनला जी तार घातलीत ती कुठे आहे ते पुन्हा बघा."

 पलीकडून सिसेलनं विचारलं, "किती दिवसांपासून उलटा?"

"चार वर्षं."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"आज," मी म्हणाले. हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं.

शुक्रवारी माल्टेनं केक आणला. रात्रभर पोर जागं होतं, केक एका बाजूनं बसलेला होता. आस्गरनं छोटं भाषण केलं: चुका सगळ्यांच्याच होतात, विज्ञान आपली चूक आपणच सुधारतं, आपण एक संघ आहोत. 'मी' हा शब्द त्यात कुठेही आला नाही. मग त्यानं दोन तुकडे खाल्ले. त्यानं स्वतः केक आणला नव्हता. किर्स्टिनला कुणी सांगितलं का, मी विचारलं. "रुग्णालय यथावकाश कळवेल," तो म्हणाला, आणि बोटाला लागलेली साखर पुसली. भिंतीवरचं कात्रण मात्र निघालं होतं. तिथे पांढरा चौकोन उरला होता.

मीही केक केला होता. नारळाचा, वर जळक्या साखरेचा थर. पण तो त्या टेबलावर ठेवावासा वाटला नाही. डबा सायकलच्या टोपलीत घालून मी आयविनकडे गेले.

ऑपरेशन पुढे गेल्याचं त्याला कळलं होतं, का गेलं ते कळलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. आस्गरचं उणे, माल्टेनं भरलेली भोकं. मी जरा रंगवूनच सांगत होते. आस्गरच्या भाषणाची नक्कलही केली. आयविन हसला नाही. मग मेलवर आले तेव्हा रंगवणं जमेना. ती ओळ मी जशीच्या तशी म्हणून दाखवली.

आयविन उठला. खण उघडायला त्याला वेळ लागला. मूठ हातातून निसटत होती. खणातून त्यानं पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे टाकला. प्रत्येक पात्याबरोबर मी त्याला बांधून पाठवलेल्या. सत्तावीस वर्षांच्या. वरचीच मी वाचली: 'मुठीपासून चार बोटांवर बारीक खाच. उजेडात तिरकं धरलं की दिसेल. सावकाश कर, घाई नाही. वि.'

"सगळ्या अशाच आहेत," तो म्हणाला. "एकीतही टोमणा नाही."

"तुला कशाला टोमणा मारू? तुला काम कळतं."

"मला कळतं कारण तू लिहून देतेस." त्यानं दोन्ही हात टेबलावर दाबून धरले, तरी टेबल बारीक हलत होतं. "त्या पोरालाही अशी एक लिहून दिली असतीस, तर?"

मी गठ्ठ्याच्या कडा जुळवत बसले. 

"मी वाचलो म्हण," तो म्हणाला. "पण ती ऑर्गनवाली? तिला कुणी सांगितलं?"

"रुग्णालय कळवेल."

"कधी?"

"यथावकाश."

त्यानं डब्याचं झाकण उघडून पाहिलं, बंद केलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "हा माझा नाही," तो म्हणाला. "जा."

किर्स्टिनचं घर चर्चच्या मागे आहे. चारच वाजले होते, पण आमच्याकडे नोव्हेंबरात तेवढ्यात अंधारतं. तिच्या खिडकीत दिवा होता. सायकल कुंपणाला टेकवून मी दाराशी उभी राहिले आणि पहिलं वाक्य मनात जुळवत राहिले. आस्गरच्या नावानं सुरू होणारी वाक्यं भराभर सुचत होती. ती सगळी टाकून दिल्यावर एकच उरलं: किर्स्टिन, मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती सांगितली नाही.

मी घंटी वाजवली. आतून पावलं आली, दारापाशी थांबली. दार लवकर उघडलं नाही. किल्ली कुलपाला लागत होती, निसटत होती, पुन्हा लागत होती. ती खडखड मला बाहेर स्पष्ट ऐकू येत होती.